आमच्या वावरातला ग्रह

५ मे, सोमवार

आले एकदाची अमरावतीला! अकोल्याच्या स्टँडवर बाबा बसच्या खिडकीशी उभे राहून सूचना देत होते. उन्हात फिरू नको, बाहेरचं खाऊ नको, सरांना उलटून बोलू नको. पहिल्या दोन जमतील. कंडक्टरने घंटी दिली तरी त्यांचं संपेना. शेवटी शेजारच्या बाईनेच सांगितलं, भाऊ, जाऊ द्या पोरीले.

देवानंद सर शाळेत आम्हाला चित्रकला शिकवायचे. मी सातवीत असताना त्यांनीच घरी येऊन बाबांना सांगितलं होतं की या पोरीचा हात वाया घालवू नका. नंतर नोकरी सोडून ते इथे आले आणि कॉम्प्युटरवर परग्रहांची चित्रं काढू लागले. गेमच्या कंपन्या घेतात ती. फोटोच वाटावीत इतकी खरी. आता मी त्यांच्या हाताखाली! राजापेठेत घर, वरच्या मजल्यावर स्टुडिओ, तीन मशिनी आणि धबधब्यासारखा आवाज करणारा कूलर. सर एकटेच राहतात. इतक्या मोठ्या चित्रकाराच्या भिंतीवर एकही चित्र नाही, याची गंमत वाटली.

८ मे, गुरुवार

तीन दिवस राबून एक ग्रह केला. दोन चंद्र, तांबूस आभाळ, नेटवरून शोधलेली वाळवंटाची जमीन. मला वाटलं, सर पाठ थोपटतील. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले की आभाळ बरं आहे, जमीन मेलेली आहे. उधारीच्या मातीत जीव नसतो.

मग पद्धत समजावली. आपल्या ओळखीच्या जमिनीचा फोटो काढायचा. भेगा किती मोठ्या ते कळावं म्हणून त्यात एक माणूस मापाला उभा करायचा. मग ग्रहाच्या मापात जमीन बसवून एकेक वस्तू साफ करायची, आणि ती ज्याची जमीन त्यानेच करायची. विचारलं, का? तर म्हणे, "आपल्या वावराले आपलाच हात वळखू येते, बेटा."

आमच्या काळ्या वावरात मे महिन्यात हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात. याहून परका ग्रह कुठे मिळायचा? रविवारी घरी जाते.

११ मे, रविवार

सकाळी सातलाच बाबांना वावरात नेलं. मापाला उभं राहायचं म्हणून पठ्ठ्याने लग्नातला पांढरा शर्ट घातला होता! आई हसून हसून खाली बसली. बाबा आपले विहिरीजवळ ताठ उभे, मागे कडुलिंब आणि विजेचा खांब. मधूनच विचारत होते, "पोटाले आत घेऊ का वं?" मी सांगितलं की तुम्ही चित्रात राहणारच नाही, तुम्हाला पुसायचं आहे. तर म्हणाले, "मंग येवढ्या उन्हात मले कायले उभं करून राहिली?"

येताना आईने ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

१३ मे, मंगळवार

काल सर शेजारी बसून होते. आधी खांब काढला, मग कडुलिंब, मग विहीर. प्रत्येक वस्तू वेगळ्या लेअरवर, म्हणजे लागली तर परत घेता येते. बाबांच्या वेळी मात्र सरांनी मूळ फोटोवरच पुसायला लावलं. म्हणाले, मापाचा माणूस वेगळा ठेवत नाहीत. डोक्यापासून चपलांपर्यंत वीस मिनिटं लागली. मूळ फोटोचं कार्ड सरांनी जपून ठेवतो म्हणून खिशात टाकलं.

आणि चित्र! अंगावर काटा आला. तिथे कधीच कोणी नव्हतं असं वाटतं. सरांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

आज आनंदाने घरी फोन केला. बाबांना दे म्हटलं, तर आई विचारते, कोणाला? मला वाटलं, चेष्टा करते आहे. पण ती चिडली. म्हणाली, "काय डोस्क्यावर पडली का वं? आपुन मायलेकीच तं हावो पयल्यापासून." विहिरीजवळ फोटो काढला ना त्यांचा, म्हटलं. म्हणे, आपल्या वावरात विहीर कुठे आहे?

बाबांचा नंबर अस्तित्वात नाही.

१४ मे, बुधवार

मी वेडी नाही. ताडून पाहिलं. विहिरीचा लेअर चालू केला आणि फोन लावला. आई पाणी काढायला विहिरीवरच आली होती. लेअर बंद केला. आई म्हणाली, कोणती विहीर?

पुन्हा चालू केला. आता चालूच ठेवते. कडुलिंबही, खांबही.

म्हणजे वस्तू परत येते. बाबाही येतील. फक्त ते मूळ फोटोत आहेत, आणि तो सरांकडे आहे. सर देतील. सर माझे सर आहेत.

१५ मे, गुरुवार

सर दचकले नाहीत. त्यांना माहीत होतं. सगळं.

म्हणाले, पुसतो त्याच्याच आठवणीत माणूस राहतो. आठ वर्षांपूर्वी त्यांनी संत्र्याच्या बागेतून शकुनकाकूंना पुसलं. त्यांची बायको. तेव्हा चुकून झालं म्हणे. मूळ फोटो अजून त्यांच्याजवळ आहे. मी विचारलं, मग काकूंना परत का आणलं नाही?

"चित्र बिघडलं असतं," म्हणाले. "तसं वसाड रंगवून येत नाही बेटा. कोनी खरंच जा लागते."

त्यांची जमीन संपली, म्हणजे तिच्यावर पुसायला कोणी उरलं नाही. माझ्या आधी कुंदन नावाचा मुलगा होता, त्याची संपली. मग माझी.

आमच्या घरी जेवलेत ते. बाबांनी स्वतः वाढलं होतं. नऊ वर्षं ज्या माणसाच्या मी पाया पडत आले त्याने माझ्याच हाताने — आणि मला अभिमान वाटला! लाज वाटते मला. त्यांची, माझी, या हाताची.

कार्ड देत नाहीत. हसून म्हणाले, पुढच्या चित्राला आईला उभी कर.

१६ मे, शुक्रवार

सकाळी सर भाजीला गेले. त्यांची मशीन उघडली. माझ्या नावाचं फोल्डर, मी यायच्या दोन वर्षं आधीचं. आत कार्डावरून घेतलेला मूळ फोटो सापडला. बाबा पांढऱ्या शर्टात.

चित्रात बसवले. सेव्ह केलं. फोन —

बाबांनी उचलला! बाबांचाच आवाज! मी रडतच बाबा बाबा करत राहिले.

त्यांनी विचारलं, "कोन बोलून राहिलं, बाई?"

मी आचल, म्हटलं. ते मायेनेच म्हणाले की नंबर चुकला असेल. मागून आईने विचारलं, कोण आहे? तर बाबा तिला म्हणाले, "कोन्याची तरी पोरगी रडून राहिली."

कोणाची तरी.

चित्र पाहिलं. सकाळचं ऊन माझ्या पाठीमागे होतं. ढेकळांवर खाली माझी सावली पडली आहे, लांब, कॅमेरा धरलेली. मला दिसलीच नव्हती. तिला आता डोकं नाही.

सर कधी आले कळलंच नाही. पाठमोरे, दुसऱ्या मशिनीवर माझी सावली पुसताहेत. फाइल दोन्हीकडे उघडते. किंचाळले. वळूनही पाहिलं नाही. म्हणाले, बाप ठेव तू, मला हेही चालेल.

मशिनीची तार उपटली. तरी चालूच — पुसणाऱ्या पेनचा आवाज — गळा गेला, हाक निघत नाही —

खांदा —

लिहून ठेवते. कोणाला वही मिळाली तर अकोल्याला न्या. माझ्या बाबांना, खुशालराव यांना दाखवा. त्यांना एक मुलगी आहे. तिचं नाव आ