बाबांची सतरा पत्रं

लीड्स, १२ एप्रिल २००६

प्रिय धम्मशीला,

तुझ्या डिसर्टेशनचं प्रकरण तीनदा वाचलं. प्रायमरी सोर्स म्हणजे त्या काळात त्या माणसानं स्वतः लिहिलेलं, सेकंडरी म्हणजे इतरांनी नंतर त्यावरून सांगितलेलं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करणाऱ्या मलाही कळलं, इतकं सोपं लिहिलंस. आजी गेल्यावर रवीकाकांनी नागपूरहून पाठवलेली ती सतरा पत्रं हातात आली तेव्हा फोनवर केवढी ओरडलीस, "आई, बाबांचा पत्र! याच्याहून प्रायमरी काय असणार?" मी म्हटलं, "जेवलीस का?"

पाकिटांवर लीड्सचा शिक्का आहे, म्हणून तू लिहिलंस की तिकडे लंडनजवळ क्रॉयडनला नोकरी करणारे बाबा सुट्टीत घरी येत आणि इथूनच पत्र टाकत. ते आलेच नाहीत गं. तू चार वर्षांची होतीस. नोकरीसाठी गेलेत, हे मीच सांगितलं होतं. ते दुसऱ्या बाईकडे राहायला गेले होते. दीड वर्षानं तिथेच वारले.

घर सोडल्यापासून त्यांनी आजीला पत्र टाकलं नव्हतं. मुलाचं पत्र नाही म्हणून म्हातारीनं जेवण सोडलं, असं रवीकाकांनी कळवलं. मी बसले आणि लिहिलं, 'आईस जय भीम.' खाली सही केली, 'तुझा बबन.' मग दर महिन्याला लिहीत गेले. 'धम्माला सायकल शिकवली, मागून धावताना चप्पल तुटली.' चप्पल माझी होती.

तुला मी चिठ्ठ्या लिहिल्या त्या इंग्रजीत, दुधाच्या नाहीतर चावीच्या. माझं मराठी अक्षर तू पाहिलंच नाहीस. हे पत्र त्या पत्रांशेजारी ठेवून बघ.

सोमवारी तू प्रबंध देणार. मी गप्पही राहिले असते, परीक्षकांना काय कळणार होतं? पण रविवारी तू रडत म्हणालीस, "बाबांनी किती लिहिलंय माझ्यावर! तू कधी असा एक वाक्य बोलली नाही मला." खरंय. शिफ्टवरून यायचे, तुला भरवायचे, झोपवायचे, आणि तोंडून काही निघायचंच नाही. तुला सांगायचं ते सगळं मी परक्या नावानं नागपूरला पाठवत राहिले. पोरी, आज तुझे बाबा तुझ्याकडून काढून घेते आहे, आणि त्यांच्या जागी द्यायला माझ्याजवळ मी सोडून कुणी नाही.

तुझीच,
आई