सातवीच्या तक्त्यातली एक मुलगी

गुरुजी,

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजलेलं नाही. आणि आज तुम्हाला पत्र लिहायला बसलेय म्हणजे बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं तुम्हीच विचाराल. आहे. भोरला दोन खोल्यांत एकटी राहते. सकाळी एकटीपुरती भाजी आणते, पाव किलो मागितली की भाजीवाली तोंड वाकडं करते, मग मी तिच्याशी हुज्जत घालते, आणि त्यानंतर दिवसभर तोंड उघडायची वेळ येत नाही. बोलायला कुणी नसलं की माणूस जुनं उकरत बसतं. मी कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी त्याच एका वर्षापाशी येऊन थांबते, तुमच्या शाळेतल्या सातवीच्या वर्षापाशी.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. विंझरपासून आत चालत गेलं की तुमची ती सातवीपर्यंतची शाळा. मी पुण्याहून आलेली, पहिलीच नेमणूक, पायात नव्या चपला. जूनच्या अखेरीला पटनोंदणी करायची म्हणून मी रजिस्टर उघडून टेबलाशी बसले, तर तुम्ही म्हणालात, "बाई, पट काय शाळेत बसून भरतो होय? चला." पहिल्याच चढावर माझी छत्री उलटी झाली आणि तुम्ही कुठल्याशा घरातून माझ्यासाठी इरलं मागून आणलंत. ते पाठीवर घेऊन मी चालतेय, शेण आणि चिखल एक झालाय, आणि तुम्ही प्रत्येक दारात उभं राहून पोरांची नावं घेताय. कुणाची मुलगी चौथीनंतर घरी बसली, कुणाचा मुलगा गुरांमागे गेला, सगळं तोंडपाठ. एक म्हातारी शेतातूनच ओरडली, "पोरगी शाळंत धाडली तर आवणी कोन करनार गुरुजी? तुमी?" तुम्ही धोतर वर खोचलंत आणि खरंच चिखलात उतरून भाताची रोपं लावायला लागलात. रोपं वाकडी लागत होती आणि म्हातारी हसून हसून बेजार. पण दुसऱ्या दिवशी नात शाळेत आली.

कचेरीला दरवर्षी तक्ता पाठवायचा असे. मुलगे किती, मुली किती, कुठल्या जातीचे, कुठल्या धर्माचे, परीक्षेला बसले किती, पास किती. रकाने मी आखायची, आकडे तुम्ही भरायचात. सातवी, मुली, नवबौद्ध, या चौकटीत तोवर कायम शून्य. त्या वर्षी तुम्ही तिथं 'एक' लिहिलात आणि शाई वाळेपर्यंत बघत बसलात. मला म्हणालात, "या एकासाठी मी त्या वाडीचे उंबरे झिजवलेत, बाई. हिला सांभाळा." उंच, सडपातळ मुलगी. मराठीचा धडा वाचायला लागली की बाहेरच्या पडवीतली पहिलीची पोरंसुद्धा गप्प व्हायची. गणितात मात्र आनंदीआनंद. अपूर्णांक आले की पाटीकडे अशी बघायची जणू पाटीनंच तिची काहीतरी आगळीक केलीय.

आणि मला त्या गावातून सुटायचं होतं, गुरुजी. हे तुम्हाला कधी कळलं नाही. तुमच्यासमोर मी हसतमुख असायची. पण शाळा सुटल्यावर त्या एका खोलीत मला कुणी नव्हतं. समोर तोरणा, पाठीमागे डोंगर, आणि वेल्ह्याहून येणाऱ्या एस.टी.चा आवाज आला की रडू यायचं. बदलीसाठी शिक्षण खात्याच्या डेप्युटीसाहेबांना भेटले तर ते म्हणाले, "आधी सातवीचा निकाल दाखवा, मग बघू." आदल्या वर्षीचा निकाल पडलेला होता. मी मनाशी ठरवलं, यंदा शंभर टक्के. निकाल परीक्षेला बसलेल्यांचाच धरायचे. वर्गात दोघं जण डळमळीत होते, एक ती आणि दुसरा पाटलांचा मुलगा. दोघांची गणितात गत एकच. त्याचं नाव गाळावं असं माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. तो पाटलांचा, म्हणून तो बसणार, हे धरूनच चालले मी. त्याची रोज शाळेनंतर तासभर तयारी करून घेतली. तिची नाही.

सातवीची परीक्षा तेव्हा वेल्ह्याच्या केंद्रावर असायची, पालकाच्या सहीचा अर्ज गेला तरच बसता यायचं. त्या अर्जांचे दिवस आले. तुम्ही वेल्ह्याला कचेरीत गेला होता. दुपारी तिचे वडील आले. पडवीच्या खालीच उभे राहिले, आणि मी त्यांना वर या म्हटलं नाही. अर्ज पुढे करून म्हणाले, "बगा बाई, अंगठा केलाय. शाई जरा जास्तीच लागली." मी म्हणाले, ती बसली तर नापास होईल, गाव हसेल, पोरगी खचेल. पुढच्या वर्षी मी स्वतः तयारी करून घेते आणि पास करते. पण मी नको म्हणाले हे तिला सांगू नका, गुरुजींनाही नको. तुमचंच मन नाही असं सांगा. त्यांनी अर्ज माझ्या हातात ठेवला. "तुमी म्हंता तर बराबर आसंल, बाई. आमाला काय कळतंय त्यातलं? पन पुढल्या साली नक्की ना?" मी म्हणाले, नक्की. आणि अर्ज घडी करून माझ्या खणात टाकला.

बापच नको म्हणतोय असं तुम्हाला कळलं तशी तुमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला बरोबर घेऊन तडक वाडीत गेलात. त्या घरात तुम्ही नेहमी चहा घ्यायचा, गावात त्यावरून लोक तुम्हाला नावं ठेवायचे तरी घ्यायचा. त्या दिवशी मात्र कप बाजूला सारलात. "पोर शिकतेय आणि बापच आडवा येतोय? लाज नाही वाटत?" तुमचा असा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. मग मान खाली घालून म्हणाले, "व्हय गुरुजी. आमीच न्हाई म्हनलं." ती दारात उभी होती. तिनं ऐकलं. बापाकडे बघून ती आत निघून गेली. मी नुसतं तोंड उघडायला हवं होतं. मी चहा पीत होते. हातांना काहीतरी हवं होतं म्हणून तुमचाही कप मीच संपवला.

परीक्षेला मुलांना वेल्ह्याला नेलं. पाटलांचा मुलगा पास झाला, काठावर, पण झाला. निकाल शंभर टक्के. डेप्युटीसाहेबांनी तुमची पाठ थोपटली आणि तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "सगळं बाईंचं श्रेय आहे, साहेब." जूनमध्ये माझी बदली झाली. पुढल्या सालचा शब्द तिथंच राहिला. वर्षानं तुमचं कार्ड आलं होतं. ती मुलगी परत शाळेत आलीच नाही, बापाला समजवायला मी कमी पडलो, असं लिहिलं होतंत. मी उत्तरात तुमच्या तब्येतीची चौकशी केली. मग तुम्ही गेल्याचंच कळलं.

मागच्या महिन्यात भोरच्या स्टँडवर एका बाईनं माझा हात धरला. "बाई ना तुमी? म्या वळखलं लगीच." केस पांढरे, पण आवाज तोच, धडा वाचणारा. मला ऊन लागू नये म्हणून तिनं स्वतः सरकून सावलीतली जागा दिली. तुमची आठवण काढली, म्हणाली, "गुरुजी लई भांडलं माझ्यासाटी. पन आमचा बा! मरस्तवर मी त्याच्याशी नीट बोलले न्हाई, बाई. शेवटाला पानी मागत हुता तवाबी मी भावजयीला पुडं केलं. त्यानं कधी सांगितलंच न्हाई, का आडवा आला ते." एवढं बोलून ती माझ्याकडे बघत राहिली, बाईंना काही ठाऊक असेल म्हणून. मी म्हणाले, जुन्या काळची माणसं तशीच असायची.

शब्द मी मोडला, गुरुजी, आणि त्या माणसानं माझा पाळला. मुलगी गमावली तरी पाळला.

गाडी लागली तशी तिनं नातीकडून कागदावर पत्ता लिहून घेतला आणि माझ्या पिशवीत घातला. "घरी या. यायला जमलं न्हाई तर दोन वळी तरी लिवा, मला वाचता येतंय." हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. तिचा आहे, तिला लिहिलं असतं तर पोचलं असतं. म्हणून तर तुम्हाला लिहिलं.