हिरवी गाडी, तिचं कव्हर आणि माझी दोन पोरं

मी समीक्षा प्रणित घरत, वय सत्तावीस, शिक्षण सातवी, काम घरचं. राहणार पनवेल तालुका, उलव्याच्या बाजूचं आमचं गाव विमानतळात गेलं त्याच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवरचं घर. हे मृत्युपत्र मी माझ्या हातानं लिहिते. मी शुद्धीत हाय. घाबरलेली हाय, पण शुद्धीत हाय. मला कोणी धमकावून नाय तर गोड बोलून लिहायला बसवलेलं नाय. माझ्या बहिणीचे मिस्टर प्रदीप यांनी वकिलाला विचारलं, ते बोलले साध्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं तरी चालतं, दोन साक्षीदार पाहिजेत, आणि ज्यांना काय मिळणार त्यांनी साक्षीला सही करायची नाय. म्हणून लिहिते. चुकलं तर समजून घ्या.

कारण असं की बुधवारी माझं सिझर हाय. मनस्वीच्या वेळेला पण सिझरच झालं होतं. ह्या वेळेला बाळाची वार त्याच जुन्या टाक्यांवर बसलीय आणि चिकटलीय, असं डॉक्टरबाई बोलल्या. गर्भाची पिशवी काढायला लागेल, रक्त खूप जाईल. मी विचारलं, "मॅडम, मी वाचेन ना?" त्या बोलल्या, "आम्ही सगळी तयारी ठेवलीय." मी परत विचारलं. त्या परत तेच बोलल्या.

माझे मिस्टर प्रणित गेल्या मे महिन्यात वारले. पोटातल्या बाळाचं त्यांना माहीत पण नव्हतं. मलाच नंतर समजलं. मोठी मुलगी मनस्वी, साडेचार वर्षांची. घरात सासरे काशीराम, सासूबाई जनाबाई, मोठे दीर अंकुश भाऊजी आणि जाऊबाई स्नेहा. भाऊजींना मूल नाय.

पहिलं घराचं. घर आणि प्लॉट सासऱ्यांच्या नावावर हाय. त्यात माझ्या पोरांचा कायद्यानं जो वाटा असंल तो असू द्या. त्याच्यासाठी भांडायला मी नसणार, आणि असते तरी मला भांडता आलं नसतं.

दुसरं गाडीचं. माझ्या नावावर ह्या जगात एकच मोठी वस्तू हाय, ती म्हणजे लँड रोव्हर डिफेंडर, हिरवी. मला चालवता येत नाय. जमिनीचे पैसे आले तेव्हा सगळं सासऱ्यांच्या नावावर झालं. तेव्हा हे बोलले, "माझं म्हणून एक तरी पाहिजे ना. ती तुझ्या नावावर करतो. तू आलीस आणि पैसे आले, तुझा पायगुण." सासूबाई बोलल्या, "पायगुण तिचा, आन चिखलाचं पाय आमचं." त्यांचं पण खरं हाय. मिठागरात त्यांचेच पाय फाटले.

ही गाडी कशी झाली ते ह्यांना तोंडपाठ होतं. पाव्हणे आले की चहाच्या आधी ती गोष्ट. मोठी लढाई संपली होती. विलायतेतल्या रोव्हर कंपनीतल्या एका साहेबाची शेती होती. लढाईतली जुनी जीप तो शेतावर वापरायचा. ती मोडली तर दुसरी आणायची कुठून? म्हणून समुद्राच्या किनाऱ्यावर त्यानं वाळूत काठीनं एका गाडीचं चित्र काढलं आणि भावाला दाखवलं, अशी करू. लोखंड मिळत नव्हतं, म्हणून पत्रा ॲल्युमिनियमचा लावला. विमानाला मारायचा हिरवा रंग उरलेला होता, तो फासला. शेतकऱ्यासाठी केलेली गाडी, नांगर पण ओढायची. मग ती राणीकडं गेली, लष्करात गेली, वाळवंटात गेली. मग कंपनी विकत विकत आपल्या टाटांकडं आली. इथं आल्यावर हे छाती पुढं काढायचे, जसं काय ह्यांनीच सही केलीय.

ह्यांना ते वाळूतलं चित्र लय आवडायचं. बोलायचे, आमचे आजोबा पण असंच चिखलात काठीनं मिठागराचे बांध काढायचे, इथं पाणी, इथं मीठ. सासरे एकदाच बोलले, "शेतकऱ्याची गाडी म्हणतोस, आन शेत गेल्यावर घेतलीस." त्या दिवशी चहा थंड झाला.

गाडीचं सुख काय ते पण लिहिते, म्हणजे ज्याला मिळेल त्याला ठाऊक असू दे. उंच हाय. सासूबाईंना चढायला पाट ठेवायला लागतो, तो पाट गाडीतच असतो, त्याला गाडीबरोबर जाऊ द्यावा. लग्नसराईत ती आमची नसतेच. कोणाची हळद असली की नवरा ह्याच गाडीतून यायला पाहिजे, आणि नाय बोलायची आमच्यात रीत नाय. हळदीचे डाग पुढच्या सीटवरून निघत नायत. सर्व्हिसिंगला गेले तर तिथले लोक मला मॅडम बोलतात आणि मग माझ्याशी काहीच बोलत नायत. कार्ल्याला एकविरा आईला गेलो तेव्हा हे बोलले, ही गाडी कुठला पण डोंगर चढते. पायऱ्या शेवटी आपल्याच पायांनी चढलो, मनस्वी त्यांच्या खांद्यावर.

गाडी ओढायचा पट्टा डिकीत हाय. तो ट्रॅक्टरवाले कमळाकर मामा यांना द्यावा. ह्यांनी दोस्तांना दाखवायला गाडी खाडीच्या चिखलात घातली होती. गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं कमरेएवढ्या पाण्यातून जाते. सासूबाई बोलल्या, "खाडीत बगळा पन इचारून पाय टाकतो." मामा ट्रॅक्टर घेऊन आले आणि बोलले, "काय रं प्रणित, विलायती शेतकरी आमच्या ट्रॅक्टरनं काढायचा काय?" त्यात मामांचा दोर तुटला. पट्टा देतो देतो बोलून ह्यांनी दिला नाय. आता द्या.

आता ह्यांचं. रोडपालीच्या मैदानावर पावसाच्या आधीची शेवटची टुर्नामेंट होती. बॅटिंग करता करता हे खाली बसले. लोकांना वाटलं बूट बांधतायत. भाऊजींनी त्यांना गाडीत घातलं आणि निघाले. मी मागं, डोकं माझ्या मांडीवर. नदी ओलांडणारी गाडी, डोंगर चढणारी गाडी, कळंबोलीच्या सर्कलला कंटेनरच्या मधी उभी राहिली. भाऊजी हॉर्न देत होते, रडत होते. एक कंटेनरवाला खाली उतरला आणि हात जोडून बोलला, दादा, मी तरी कुठं जाऊ. त्याच्यावर माझा राग नाय. कोणावरच राग धरता आला नाय, तोच त्रास हाय.

तिसरं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. पंधरवड्यापूर्वी मी भाकऱ्या करत होते, आणि बाहेर जेवताना बोलणं चाललं होतं.

सासरे बोलले, "सूनबाईला काय झालं तर, वाईट बोलत नाय, पन झालंच तर, पोरगा असला तर अंकुशच्या मांडीवर घालायचा. मनस्वी मावशीकडं राहील."

सासूबाई बोलल्या, "आन दुसरी पन पोरगीच झाली तर?"

"तर दोनी मावशीकडं."

"मावशीची खोली केवढी, आपला खुराडा मोठा हाय."

भाऊजी बोलले, "आणि गाडी?"

सासरे बोलले, "गाडी घरातच राहील. मावशीच्या गल्लीत ती शिरायची पन नाय."

सगळे हसले. मी पण हसले. तव्यावर भाकरी होती, हात चालू होता. मी आत हाय हे त्यांना माहीत होतं. त्यांनी लपवून काय केलं नाय. माणसं वाईट नायत. जाऊबाई त्या रात्री माझे पाय चेपत बसल्या आणि पोटाकडं बघत राहिल्या. त्यांची आशा मला कळते. पण माझ्या पोरांना पोरगा आणि पोरगी म्हणून दोन घरी वाटायचं नाय.

मनस्वी रोज माझ्या पोटाला तोंड लावते आणि बाळाला गाडीची गोष्ट सांगते. "एक साहेब होता, त्यानं वाळूत गाडी काढली, मग बाबा आले." तिच्या गोष्टीत साहेबानं गाडी बाबांसाठीच केली. ही गोष्ट त्या बाळाला बाहेर आल्यावर पण तिच्याकडूनच ऐकायला मिळावी. दुसरं कोण सांगणार? मी सांगू शकेन की नाय ठाऊक नाय.

म्हणून मी असं लिहून देते की मी मेले तर माझी मुलगी मनस्वी आणि पोटातलं बाळ, मुलगा असो नाय तर मुलगी, दोघांची पालक माझी बहीण सुनिता प्रदीप भोईर, राहणार रोडपाली, हिला नेमते. दोघं एका घरात, एका ताटात राहतील. नवरा नसलेल्या आईला असं लिहून देता येतं, असं वकील बोलले. सुनिताची खोली लहान हाय. प्रदीप भाऊजी तळोज्याला कंपनीत शिफ्टला जातात, दिवसा झोपतात, तेव्हा पोरांना हळू बोलायला लागेल. ते मला चालेल. सुनिता फोनवर एवढंच बोलली, "तू आधी परत ये, मग काय ते बघू," आणि मग रडली, आणि मग बोलली, "दोनी दे."

पहिल्यांदा मी गाडी पोरांच्या नावावर करणार होते. आईबापाचं पोरांना, सरळ हाय. तर प्रदीप भाऊजी बोलले, "ताई, ज्याच्याकडं पोरं त्याच्याकडं गाडी, असं होईल ते. मग ते पोरं सोडतील का?" मी रात्रभर त्याचा विचार केला. खरं हाय. गाडी पोरांना दिली तर पोरं गाडीसारखी अडकवून ठेवतील.

म्हणून गाडी मी अंकुश काशीराम घरत यांना देते. अट एकच. दोन्ही पोरं सुनिताकडं जाऊ द्यायची, आणि त्यातलं एक मागायचं नाय, आज नाय, शाळेत जाताना नाय, मोठं झाल्यावर नाय. भेटायला कधी पण या. जत्रेला न्या, हळदीला न्या, दोघांना एकत्र न्या आणि दोघांना एकत्र परत आणा. अट मोडली तर गाडी विकायची आणि ते पैसे दोघांच्या नावानं बँकेत ठेवायचे.

भाऊजी, हे तुमच्यासाठी. तुम्ही अजून पण रोज सकाळी गाडी चालू करून बसता, बॅटरी उतरू नये म्हणून, असं सांगता. एकदा मी चहा घेऊन आले तर तुमचे हात स्टिअरिंगवर होते आणि गाडी बंद होती. तुम्ही बोललात, "समीक्षा, सर्कलला डावीकडनं काढली असती तर पोचलो असतो." नसतो पोचलो. डावीकडं पण तेच होतं, मी बघत होते. गाडी तुम्हाला देते ती लाच म्हणून नाय. थोडी लाच हाय, खोटं नाय बोलत. पण त्या गाडीत तुमचा भाऊ हाय, ती दुसऱ्या कोणाकडं बघवणार नाय. तुमचा भाऊ तुम्ही घ्या. माझी पोरं मला राहू द्या.

ह्या कागदाला कोण किती मानंल मला ठाऊक नाय. मी नसल्यावर सासऱ्यांसमोर हा कागद वाचायची सुनिताची हिंमत होईल का, ते पण ठाऊक नाय. माझी स्वतःची तर झाली नाय.

बाकी किरकोळ. माझं मंगळसूत्र मनस्वीला, कानातले बाळाला. बाळ मुलगा असला तर त्याच्या बायकोला. नव्या साड्या जाऊबाईंना. माझा मिक्सर त्यांनी वापरायला घेतला तो घेतलाच, तो पण राहू द्या, भांड्याचं झाकण फक्त माझ्या कपाटात हाय. सासूबाईंचा पाट मी परत रंगवून घेणार होते, राहिलं.

शेवटचं, स्टेपनीच्या कव्हराचं. आमच्यात गाडीच्या मागं पोराचं नाव लिहितात, कोणाच्या घरची गाडी ते गावाला कळायला. डिफेंडरची स्टेपनी मागच्या दरवाजावर असते, म्हणून ह्यांनी पनवेलच्या सीटकव्हरवाल्या शैलेश यांच्याकडून रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं. त्याच्यावर "मनस्वी" रंगवायचं होतं, मधोमध. सासरे दुकानात बरोबर होते. ते बोलले, "नाव खालती टाक. वर जागा ठेव. पोरगा होईल त्याचं नाव वर." हे काय बोलले नायत. मी पण बाजूलाच उभी होते, मी पण काय बोलले नाय. म्हणून गावभर ती गाडी तशीच फिरली, खाली माझ्या पोरीचं नाव आणि वर रिकामं. हळदीत लोक विचारायचे, वरचं कधी भरणार?

गाडी भाऊजींना दिली, पण कव्हर त्यात धरू नये. ते काढून सुनिताकडं द्यावं. नवीन कव्हरावर भाऊजींनी एकविरा आईचं नाव घालावं, नाय तर काय पण. जुनं कव्हर सुनिताच्या खोलीत भिंतीला लावावं, दोघं झोपतील त्या बाजूला. वरच्या जागेत बाळाचं नाव शैलेश यांच्याकडूनच रंगवून घ्यावं. मुलगा झाला तरी मनस्वीएवढ्याच अक्षरात. आणि मुलगी झाली तरी वरच.

मी वाचले तर हा कागद मीच फाडीन, आणि कोणी वाचला नाय असं समजायचं.

सही: समीक्षा प्रणित घरत

समीक्षानं हे आमच्या दोघांच्या समोर लिहिलं आणि सही केली. अक्षर तिचंच हाय.

साक्षीदार १: हौसाबाई ठाकूर, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार २: शैलेश म्हात्रे, सीटकव्हर, पनवेल. अक्षराचं माप माझ्याकडे जपून ठेवलेलं आहे.

ठिकाण: पनवेल
तारीख: १२ जानेवारी २०२६, सोमवार