निवांत ग्रामचे शेअर आणि गाईचे चार पाय

कडेगाव,
मंगळवार, ता. २२ एप्रिल १९९७

राजमान्य राजेश्री शंभूराज व्याहीसाहेब, मुक्काम सातारा, यांना सुभेदार लालासाहेब (रिटायर) याचा दोन्ही हात जोडून, आणि ह्या खेपेला जरा जास्तच वाकून, रामराम.

इकडील सर्व मंडळी सिद्धनाथाच्या कृपेने खुशाल आहेत. तुमच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल. विहीणबाई हरणाबाईंची दाढ काढली का ठेवली ते कळवावे. आमची लेक संयोगिता तुमच्या घरी सून म्हणून नांदते आहे, तिच्या हातून काही चुकलं-माकलं तर पोटात घालावे. तिच्या बापाच्या हातनं चुकलं तर तेबी तिथंच घाला, जागा शिल्लक असंल तर. (आमी सुरुवातीला शुद्ध लिहितो, पण चार ओळींत हात सैल पडतो. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली, त्याला इलाज न्हाई.)

तुमचं कार्ड शनिवारी पोचलं. तुमचं सातारचं राहतं घर म्हसवडच्या एका बड्या पार्टीनं साडेसहा लाखाला ठरवलं, देवापुढं नारळ झाला, आता येत्या सोमवारी सामान ट्रकात घालून तुमी उभयता आटपाडीच्या माळावर निवांत ग्रामात ऱ्हायला जाणार, घराचं पैसं येईपर्यंत बँकेतली ठेव मोडून तिथल्या बंगल्याचं पैसं भरणार, आणि जावईबापू आन आमची संयोगिता भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड करणार, असं सगळं वाचलं. वाचून लय आनंद झाला. (आनंदानं दोन तांबे पाणी प्यालो आणि जोत्यावर बसलो. बसलो ते जेवायलाच उठलो.) पाव्हणं, अभिनंदन. फक्त एक विनंती हाय. ठेव मोडायची घाई करू नका. कारण पुढं सांगतो, पण त्याच्या आधी आमचं ऐकून घ्या, म्हंजे जो काय राग यायचा तो सगळा एकदम येईल.

तुमाला ठाऊक न्हाई, पण ह्याच निवांत ग्राम कंपनीचे एक हजार शेअर आमच्या ट्रंकेत हायेत. गेल्या साली फंडाचे दहा हजार हातात आले तवा आमची मंडळी, अंबूबाई, एकच धोशा लावून बसली व्हती, जर्सी गाय घ्या. पण त्याच आठवड्यात कंपनीचा राजस नावाचा एक पोरगा गावात आला. गळ्यात टाय, वय पंचवीस, आणि म्हातारपणावर दोन तास बोलला. पडद्यावर चित्रं दाखवली. तीनशे बंगले, दवाखाना, देऊळ, वाचनालय, आणि म्हाताऱ्यांना पोहायला तलाव! आवं, आटपाडीच्या माळावर तलाव! तिथं टँकर आला की बायका कळशा घेऊन पळत्यात, आन ह्यो म्हाताऱ्यांना बुडवणार कशात? हे आमाला आत्ता सुचतंय. तवा आमी टाळ्या वाजवल्या आणि एक शेअर दहा रुपये ह्या भावानं सगळा फंड देऊन आलो. घरी सांगितलं, गाय मरती, शेअर मरत न्हाई.

अंबूबाईला शेअर कळत न्हाई, गाय कळती. तिनं हिशेब सोपा केला. दहा रुपयाचा शेअर म्हंजे पुरी गाय, चार पाय. अडीच रुपये वरखाली झाले की एक पाय आला नायतर गेला. कंपनीच्या कराडच्या हापिसात फळ्यावर खडूनं भाव लिहितात, तो बघायला आमी दर सोमवारी यष्टीनं जायचो आणि घरी येऊन रिपोर्ट द्यायचो. दिवाळीला भाव साडेबारा झाला. गाईला पाचवा पाय फुटला! तवा आमी महिनाभर मिशीला पीळ देऊन गावातनं हिंडलो, आणि केरबा न्हाव्यानं मिशीला इतकं तेल कशाला म्हणून इचारलं तर त्यालाबी शेअर घ्यायचा सल्ला दिला. (त्यानं घेतला न्हाई. म्हणून तो आज सुखात हाय.) मग एकेक पाय झडायला लागला. मार्चात अडीच रुपये. एका पायावर गाय उभी ऱ्हात न्हाई, हे मला रोज भाकरीसंगं ऐकावं लागायचं. भाकरीबी एकच मिळायची.

मी राजसला गाठून इचारलं, लेका, झालं काय? तो म्हणाला, सुभेदारसाहेब, दोष आपल्या शेअरचा न्हाई, घरांच्या बाजाराचा हाय. निवांत ग्रामात यायचं तर म्हातारा माणूस आपलं साताऱ्या-सांगलीतलं घर विकून येणार. पण घरांचे भाव पडलेत, प्लॉटला गिऱ्हाईक न्हाई, घर खपंना म्हणून म्हातारा हलंना, म्हातारा हलंना म्हणून बंगला भरंना. तीनशे बंगल्यांत आजमितीला चार म्हातारे हायेत, त्यातला एक वॉचमन.

पाव्हणं, फौजेत आमाला एक शिकवलं व्हतं. गोळी जिथनं येती तिथं जावा, लागली तिथं चोळत बसू नका. म्हंजे निवांत ग्राम वर काढायचं तर आधी साताऱ्यातल्या घरांचे भाव वर चढवले पायजेत. मी एकट्यानं. आखणी केली. एक गल्ली धरायची. त्या गल्लीत एक बडं गिऱ्हाईक पाठवायचं. त्यानं दारोदार जाऊन घर बघायचं, मालक मागंल त्याच्यावर लाखभर चढवून बोलायचं, चहा प्यायचा, आणि बायकोला इचारून सांगतो म्हणून निघून यायचं. (ह्या वाक्यावर जगात कुठलाच पुरुष पुढचा सवाल करत न्हाई.) सांजेपर्यंत गल्लीभर बोभाटा, आठवड्यात सातारभर, आणि भाव आपसूक वर.

गिऱ्हाईक म्हणून म्हसवडचा धुळा निवडला. हा दरसाल आमच्याकडं घोंगडी विकायला येतो. सहा फूट उंच, मिशा अशा की तोंड उघडंपर्यंत पाटीलच वाटावा. माझ्या लग्नातला कोट घातला, मनगटावर घड्याळ बांधलं. (बंद हाय. पण श्रीमंत माणूस घड्याळ बघत न्हाई.) यष्टीत बसवलं. गल्लीत दहा घरं. नऊ घरांत कामगिरी फत्ते! नऊ चहा, चार पोहे, एक शिरा. दहाव्याचं काय झालं ते लिवायला कागद पुरायचा न्हाई, सबब इथंच थांबतो. उन्हाचं फिरू नका, गुडघ्याला तेल चोळा. विहीणबाईंना नमस्कार, लेकराला आशीर्वाद.

तुमचा,
लालासाहेब

ता. क. कागदाला पाठ हाय, हे ध्यानात आलं न्हवतं. तवा ऐका. ते दहावं घर तुमचं.

आवं, गल्ली तुमचीच निवडली, कारण दुसरी मला म्हाईत न्हाई. पण धुळाला तीन डाव बजावलं व्हतं की निळं दार सोडून बाकी सगळी घरं कर, निळं दार आमच्या व्याह्यांचं हाय. आन तुमी पाडव्याला दाराला हिरवा रंग दिलात! रंग द्यायला आमची ना न्हाई, पण व्याह्याला दोन ओळींचं कार्ड टाकायला काय झालतं? तर म्हसवडची ती बडी पार्टी म्हंजे आमचा धुळा. त्याच्याजवळ साडेसहा लाख न्हाईत, घोंगडी हायेत, तीबी सात. तो नेहमीसारखं बायकोला इचारतो म्हणून उठणार, तेवढ्यात विहीणबाईंनी त्याला पुरणपोळीला बसवलं. पोटभर जेवल्यावर देवापुढं न्हेलं, हळदकुंकू लावलेला नारळ पुढं केला. देवापुढचा नारळ माघारी ढकलायची धुळाच्या सात पिढ्यांत कुणाची छाती न्हाई. त्यानं घेतला, आणि व्यवहार पक्का. इसार म्हणून खिशातले अकरा रुपये ठेवले. ते यष्टीचे व्हते. मग कराडापर्यंत उसाच्या ट्रॅक्टरवर आणि पुढं चालत आला. नारळ माझ्यापुढं ठेवून लहान पोरागत रडला.

ता. क. दुसरा. तुमी निवांत ग्रामात नुसतं नाव नोंदवलं, तर सातारचा माणूस घर विकून येतोय म्हणून भाव अडीचचा साडेसात झाला. दोन पाय परत आले, गाय तीन पायांवर उभी ऱ्हायली, पाव्हणं! आमी गप बसलो असतो तर चौथाबी आला असता. दोन दिस गप बसलोबी, खोटं कशाला सांगू. पण संयोगिता भाड्याच्या खोलीत पाणी भरतीया असं डोळ्यांपुढं यायला लागलं आणि कागद पुढं वढला. जिच्या लग्नात तुमच्या त्याच दारातनं मी रडत भाईर पडलो, त्या दाराला मीच कुलूप घालायला निघालो. तवा हात जोडतो, ठेव मोडू नका, घर सोडू नका. शेअर जाऊ दे मसणात. आमाला काय शिव्या घालायच्या त्या घाला, फक्त कार्डावर घालू नका, पोस्टमन वाचतो.

ता. क. तिसरा, रविवार. व्याहीसाहेबांना अंबूबाईचा नमस्कार. हे पत्र ह्यांनी मंगळवारीच पोस्टात टाकायला माझ्याकडं दिलं. मी चौथी शिकलेय, वाचता येतं. वाचलं आणि डब्यात ठेवलं, कारण पत्र तुमाला पोचलं असतं तर तुमी नाव काढून घेतलं असतं आणि माझ्या गाईचे पाय पुन्हा गेले असते. गुरुवारी ह्यांच्याकडनं रेशनकार्डाचा फारम म्हणून सही घेतली आणि साडेसातनं सगळे शेअर विकून टाकले. घेतले कुणी? त्या टायवाल्या राजसनंच. भाव वर चाललाय म्हणाला. चौथा पाय माझ्या अंड्यांच्या पैशातनं घातला. काल आटपाडीच्या बाजारातनं गाभण गाय आणली, आज पहाटे व्याली. कालवड झाली.

तुमी घोर लावून घेऊ नका. मंगळवारीच हरणाबाईंना फोन केलता. त्यांना सगळं आधीच ठाऊक व्हतं, धुळानं दुसऱ्या पोळीलाच सांगून टाकलं व्हतं. नारळ त्यांनी मुद्दाम दिला, वर कुणाला बोलू नको म्हणून धुळाला शपथ घातली. म्हणाल्या, अकरा वर्षं सांगतेय तरी हे माळा झाडत न्हाईत, घर विकलं म्हटल्यावर आपणहून चढले, आता निम्मा झालाय, पुरा होऊ दे. बँकेचं पासबुक त्यांच्या लुगड्याच्या घडीत हाय. ट्रक कुणी सांगितलेलाच न्हाई.

तवा माळा झाडून झाला असंल तर सामान परत लावून घ्या. पत्र आन चिकाचा डबा धुळासंगंच पाठवतेय. डबा परत करताना त्याचे अकरा रुपये आत घाला, आणि ह्या खेपेला त्याला यष्टीत बसवून द्या.