खंड्याच्या उरलेल्या गोळ्या

४ मे २०१६, बुध.
खंड्याच्या पोटावर पू भरलेल्या पुटकुळ्या, पाठीवर केस गेलेले गोल चट्टे. छावणी भागातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी खपली काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. खरूज नाही, जंतू. गोळ्या तीन आठवडे, सकाळ-संध्याकाळ. शिवाय आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू, फेस दहा मिनिटं अंगावर ठेवायचा. "बरं दिसलं म्हणून बंद करू नका," दोनदा बजावलं. सौ.ने दोनदा मान हलवली.
परत येताना जिन्यात चेअरमन. "काका, लेकराबाळांची सोसायटी हाय. महिनाअखेरपर्यंत कातडी साफ नाय झाली तर कुत्रं लासूरला सोडा, तुमच्या मेव्हण्याच्या शेतावर." लासूरला! पंखा बंद पडला तरी हा विव्हळतो.

८ मे, रवि.
नळ आठवड्यातून एकदा. मी पाऊण बादलीत, खंड्या दोन बादल्यांत. फेस लावला, घड्याळ धरलं. चौथ्या मिनिटाला त्याने अंग झाडलं. उरलेली सहा मिनिटं औषध माझ्या अंगावर. कातडी छान मऊ झाली आहे. माझी.

११ मे, बुध.
गोळी पेढ्यातून दिली. पेढा खाल्ला, गोळी चाटूनपुसून माझ्या चपलेत ठेवली. हरलो. गोळ्यांचं खातं आजपासून सौ.कडे.

१६ मे, सोम.
खपल्या गेल्या, वास नाही, केस उगवतायत. चेअरमन वाकून बघून गेले. 

२४ मे, मंगळ.
पुन्हा पुटकुळ्या! गोळ्या शोधल्या, सापडेनात. सौ. शांतपणे, "खाज गेली तेव्हाच बंद केल्या. माणसांनाही आपण एवढं देत नाही." खरंच आहे. आमच्या घरात औषध कुणी संपवत नाही. उरलेलं डब्यात जातं, डब्यातलं गल्लीत. बऱ्याचशा गोळ्या दूधवाल्याच्या कुत्र्याला गेल्या, दोन समोरच्या आजींना, गळवासाठी. आजींना म्हणे गुण आला.
लई चिडलो. मग आठवलं, थंडीत खोकल्याचं औषध मीही निम्म्यात सोडलं होतं. 

२५ मे, बुध.
डॉक्टरीणबाई आमच्याशी बोलल्याच नाहीत, खंड्याशी बोलल्या. "अर्धवट दिलं ना रे तुला? आता तीच गोळी लागू पडेल का, कोण जाणे." पू तपासायला पाठवला. घरी आल्यावर सौ. त्याच्यापाशी बसून रडली. रविवारी सोसायटीची बैठक. मला भीती वाटते.

२९ मे, रवि.
बैठक. चेअरमननी लासूर काढलंच. सौ. उठली. "चूक माझी, त्याची नाही. तो गेला तर मीही लासूरला."
 मग मागून कुणीतरी, "मग टँकरला फोन कोणी करायचा?" टँकरवाला अख्ख्या इमारतीत हिचाच फोन उचलतो.
चेअरमन खाली बसले. "रिपोर्ट येऊ द्या काकू. मग बघू."

३१ मे, मंगळ.
रिपोर्ट आला. जुनी गोळी आता चालायची नाही. दुसरी, महिनाभर. चेअरमनना अजून पत्ता नाही. टँकर उद्या सकाळी यायचाय. मी म्हटलं, पाणी भरून झालं की सांगू.
"वेडे आहात का?" सौ. म्हणाली. "टँकर यायच्या आधी सांगायचं. पाणी भरेपर्यंत मला कोण नाही म्हणणार?"