सोमवारचं सॉसेज

आये, मी लिहितोय. अक्षर ओळखशील, नववीत शाळा सोडली तेव्हा जसं होतं तसंच आहे, उजवीकडे वर चढणारं. मोबाईलवर बोलून ठेवलं असतं, पण बोलायला लागलो की मी मालवणीत जातो, आणि मालवणीत तुझ्याशी बोलायला लागलो की भांडण होतं. म्हणून कागद घेतला. तू जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हा हा कागद कुठल्या पेटीत पडणार नाही एवढं मलाही कळतं. पण एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय ती झाल्यासारखीच वाटत नाही. मी टिकलो. एकाच जागी, दोन वर्षं होत आली. आणि टिकलो ते सॉसेज आणि पांढऱ्या दाण्यांच्या एका टोपामुळे. तू हसशील, सॉसेज म्हणजे काय रे म्हणशील. डुकराचं मांस, तिखट-मीठ, लसूण लावून आतड्यात भरलेलं आणि धुरावर सुकवलेलं. गोव्यातून यायचं बघ कसालच्या बाजारात कधीमधी, माळेसारखं टांगलेलं, आणि तू पदर नाकाला लावून पलीकडून जायचीस. तेच.

मी पोर्तुगालमध्ये आहे, समुद्राकाठच्या एका लहान गावात, मासळीच्या शीतगृहात कामाला आलो होतो. बोटी येतात, मासळी निवडायची, खोक्यांत लावायची, आत गोठवायला न्यायची. समुद्र आपल्यासारखाच वास मारतो. पण आत गेलं की मासळीला हात लावायची सोय नाही, तीच हाताला धरून ठेवते. तीन महिन्यांत माझी बोटं पेरापेरात फुटली, आणि मी मनातल्या मनात बॅग भरायला लागलो. मी बॅग कशी भरतो ते तुला माहीत आहे. देवगडात आंब्याच्या पेट्या भरल्या, एक मोसम. विजयदुर्गात बोटीवर होतो तेव्हा तू गेलीस, ते कामही महिन्याभरात सोडलं. मग वैभववाडीला स्टेशनाजवळचं गॅरेज, गोव्यात हॉटेलची भांडी, पुण्यात वेल्डिंग. का सोडलं म्हणून लोक विचारतात. मला कधी सांगता आलं नाही. सकाळी उठतो आणि पाय दुसरीकडे वळलेले असतात, एवढंच.

तर इथे आम्ही सात जण एका घरात राहतो. आमच्यासाठी रांधणारा एक म्हातारा होता, तो आपल्या मुलीकडे राहायला गेला. शीतगृहावर देखरेख करणारी बाई इथलीच, वयानं तुझ्यापेक्षा थोडी मोठी असेल, दंड नारळ सोलणाऱ्या माणसासारखे. तिनं ठरवलं, नवा माणूस बाहेरून आणायचा नाही. सातही जणांनी एकेक संध्याकाळ रांधायचं, कामावरून आल्यावर, तासाभरात. ती रोज जेवायला येणार. ज्याचं जेवण पसंत पडेल त्यानं थंडीतून बाहेर यायचं आणि स्वयंपाकघर सांभाळायचं. एकच अट, जेवण इथलं पाहिजे, तुमचा तो पिवळा भात नको. हे सगळं आमच्यातल्या केरळच्या माणसानं आम्हाला समजावलं, त्याला इथली भाषा येते. बाई पोर्तुगीज बोलते, तो मोडकं हिंदी करून सांगतो, आणि आम्ही निम्मं चेहऱ्यावरून ओळखतो. चिठ्ठ्या टाकल्या. मला सोमवार आला. सामान बाईनं आधीच घरात आणून ठेवलं होतं, आणि माझ्या दिवसासाठी होतं सॉसेजचं वेटोळं आणि बाटलीत भरलेले शिजवलेले पांढरे दाणे, राजम्याच्या जातीचे.

सोमवार, आये. तुझं बाकी काही मी पाळलं नाही, पण तू गेल्यापासून सोमवारी मासळी-मटण तोंडात घातलेलं नाही. आणि रांधायचं ते असं की ज्यात मीठ किती हे मला ठाऊकच नाही. आदल्या दिवशी चाखून बघावं तर शिजवल्याशिवाय काय कळणार. रात्रभर मला स्वयंपाकघर दिसत होतं. इथलं नाही. कसालची खानावळ, मागच्या बाजूची तुझी चूल, धुरानं काळी झालेली भिंत आणि तू.

मी शाळा सोडून दोन महिने झालेले. घरी बसून तुझी कटकट ऐकण्यापेक्षा तुझ्याबरोबर खानावळीत येऊन बसतो आणि तिथेही तुझी कटकट ऐकतो. त्या दिवशी सोमवारच आहे. तू खारा बांगडा घालून फणसाच्या आठळ्यांचं कालवण करत्येस, हायवेवरच्या गाड्यांची माणसं जेवायला येतील म्हणून मोठ्या टोपात. सोमवारी तू स्वतः खात नाहीस, चाखतही नाहीस, पण लोक तर सोमवारीही विचारतात, वैनींच्या हातचो खारो आसा काय. तू वाटप आणायला आत गेलीस. मला वाटलं आपणही काही करावं. मिठाच्या बरणीतून मूठ भरून घेतली आणि टोपात टाकली. तू परत आलीस, वाटप घातलंस, ढवळलंस, आणि मधेच थांबलीस. उजवा हात उपडा करून वाफेवर धरलास, नाकाशी नेलास, डोळे मिटलेस.

“ह्यात मीठ कोणी घातल्यान?”

“मिया नाय.”

“मगे कोणी, मालकाच्या बैलान?”

तू दंडाला धरून मला चुलीजवळ ओढलंस. मला वाटलं पळी बसणार. पण तू माझा हात उपडा केलास, वाफेवर धरलास आणि म्हणालीस, “घे वास. ह्यो खारटाचो वास. नाकाच्या मागल्या बाजून येता. कळला?” मला काही कळलं नव्हतं. वाफेचा वास वाफेसारखा होता. मी म्हटलं चमचा घालून बघू का, माझा कुठे सोमवार आहे. त्यावर तू जी भडकलीस. “चमचो घातलंस तर हात मोडीन. खाऱ्याक मीठ घालतत? त्याच्या पोटातला मीठ अजून भायर येवक नाय, आणि तू वरसून मूठ घालतंस. शाळेत दोन तास बसाक जमणा नाय, टोपाजवळ पाच मिनटां रवाक जमणा नाय. तू खंयच टिकूचंस नाय.”

हे शेवटचं वाक्य गावोगाव माझ्याबरोबर फिरलं. पण त्या दिवशी त्याच्या पुढे काय झालं ते मी सोयीनं विसरलो होतो. तू निम्मा रस दुसऱ्या टोपात काढलास. बिनमिठाच्या आठळ्या अजून उकडल्यास, नारळाचा रस काढलास, सगळं परत जुळवलंस, दर थोड्या वेळानं उपडा हात, मिटलेले डोळे. मालक आत येऊन म्हणाला, “काय गो वैनी, आज पानां खंय रवली?” आणि तू मान वर न करता म्हणालीस, “माझोच हात जड पडलो. वायच दम धरा.” माझं नाव घेतलं नाहीस. मग पानं वाढली, आणि बाहेरून कोणीतरी ओरडून अजून रस मागितला. तू त्यातला थेंबही चाखला नव्हतास. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आता सांगतो, आये, मी बऱ्याच गावांतले स्वयंपाकी बघितले, टोपीवाले बघितले, पण चाखल्याशिवाय टोप उतरवणारा एकही बघितला नाही.

तर माझा सोमवार. कामावरून आलो, हात गरम पाण्यात धरले, बोटं वळायला लागली तसा कांदा चिरला. रांधायला सोपंच आहे हे, दमलेल्या माणसाचं जेवण. सॉसेजच्या चकत्या केल्या आणि सुक्या टोपातच टाकल्या, तेल नाही, त्यांची त्यांनाच चरबी सुटते, लाल, आपल्या तर्रीसारखी. त्यात कांदा, ठेचलेली लसूण, एक तमालपत्र, गाजर, दोन टोमॅटो. बाटलीतले दाणे पाण्यात खळखळून धुतले, जसा तू खारा धुवायचीस. ते दाणेही आठळीसारखेच, वरून गुळगुळीत आणि आत पिठूळ. थोडे पळीच्या पाठीनं टोपाच्या कडेला चिरडले, रस दाट व्हावा म्हणून, आणि भांडंभर पाणी ओतून मंद ठेवलं. पाच मिनिटांनी हात उपडा केला. वास गोडसर, कांद्याचा. अळणी. माझा हात बरणीत गेला, चिमूट उचललीही. आणि तिथे मी थांबलो. सॉसेज म्हणजे खाराच की. त्याच्या पोटातलं मीठ अजून बाहेर यायचंय.

चिमूट परत बरणीत टाकली आणि उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा टोपाजवळ नुसता उभा राहिलो, काही न करता. पंजाबचा एक मुलगा आत येऊन म्हणाला, भाई, सो गया क्या. वीसेक मिनिटांनी परत हात धरला, आणि आये, आला. नाकाच्या मागल्या बाजूनं. थोडा धुराचा, थोडा लसणीचा, आणि त्यांच्याखाली मीठ, पुरेपूर बसलेलं, सांडायला आलेलं नाही. मी गॅस बंद केला. एक कणही घातला नव्हता.

पानं वाढली. पाव कापून ठेवला. पावाला इथे पांवच म्हणतात, ते ऐकलं की मला अजून बरं वाटतं. सगळे बसले, मी उकडलेला बटाटा घेऊन बाजूला उभा. बाईनं चमचा उचलला, माझ्याकडे बघितलं आणि चमचा खाली ठेवला. केरळच्याला काहीतरी म्हणाली.

“बाई पूछता है, तुम क्यों नहीं खाता?”

“मेरा सोमवार है.”

“सोमवार तो सबका है.”

सगळे हसले. बाई हसली नाही. ती अजून काही बोलली आणि केरळच्याचा चेहरा उतरला. जो आपलं रांधलेलं खात नाही त्याच्या हातचं मी खात नाही, असं म्हणाली होती. तिचंही बरोबर. एक घास खाल्ला असता तर विषय मिटला असता, आणि नाही खाल्ला तर उद्या सकाळी परत थंडीत, म्हणजे महिन्याभरात बॅग. चमचा समोर होता. मी उचलला नाही. मग आमच्यातला सगळ्यात वयस्कर, नेपाळचा, सगळे त्याला दाजू म्हणजे थोरला भाऊ म्हणतात, कधी फार बोलत नाही, त्यानं विचारलं, “शिवजी का?” मी मान हलवली. त्यानं बाईसमोरचीच थाळी आपल्याकडे ओढली. “मेरी आमा भी बिना चखे पकाती थी,” म्हणाला आणि खायला लागला. तो खात राहिला. निम्मी थाळी झाल्यावर पाव तोडून म्हणाला, “नमक मत माँगना कोई. लगेगा नहीं.”

बाईनं दुसरी थाळी घेतली. पहिला चमचा अगदी थोडासा. मग दुसरा. मग पावानं थाळी पुसली, लहान मूल पुसतं तशी, आणि टोपाकडे बोट दाखवलं. केरळच्यानं विचारलं, मीठ किती घातलंस, बाई विचारते. मी रिकामा हात पुढे केला. तिला पटेना, तिनं बरणी उघडून बघितली. रविवारी सगळ्यांचे दिवस संपल्यावर तिनं स्वयंपाकघराची किल्ली माझ्या हातात दिली. तेव्हापासून मी रांधतो. भातही करतो आता, पिवळाच, आणि बाई दोनदा घेते. पंजाबचा मला सोमवारवाले म्हणतो. सोमवारी सॉसेज आणि दाणे ठरलेले, आणि ते मी अजून चाखलेले नाहीत. आठवड्याच्या इतर दिवशी केलं तर खाता येईल की, पण करत नाही. बोटं बरी झाली. पाय इथेच असतात सकाळी. तुझं वाक्य खोटं पाडलं, आणि तुझ्याच हातानं पाडलं, ह्याचा मला फार अभिमान आहे. तुलाही झाला असता, बोलली नसतीस.

एवढंच लिहिणार होतो. पण तुझ्यासमोर निम्मं सांगून उठता येत नाही. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा केरळच्याला बुधवार आला होता. तो मला म्हणाला, अदलाबदल करू, तुझं ते खाण्याचं असतं ना. बुधवारी मला चाखता आलं असतं, सगळ्यांबरोबर बसून जेवता आलं असतं. मी नको म्हटलं. घरात सगळ्यांना वाटतं, माझी श्रद्धा मोठी. खरं असं की जेवण बिघडलं तर सांगायला काहीतरी हवं होतं. सोमवार होता, चाखता आलं नाही, म्हणून बिघडलं, असं म्हणून निघून जाता आलं असतं. बॅगेत दोन शर्ट घालूनही ठेवले होते.