नातीची फेरी, रविवारी पाच वाजता

३ मार्च, सोमवार, सकाळी ७
ठक, ठक, ठक-ठक. आमचे मास्तर टेबलावर डस्टर आपटत कविता म्हणवून घ्यायचे, तो आवाज आज उठल्याउठल्या कानात आला. साठ वर्षांत पुष्कळ विसरलो. त्या ठेक्यावरची एकही ओळ विसरलो नाही. त्याच ठेक्यावर मी नातीकडून फोनवर स्पेलिंगं पाठ करून घेतली. बोटाच्या पेराने टेबल वाजवायचं, एका ठोक्याला एक अक्षर. सहा महिने, रोज संध्याकाळी. आणि आता रविवारी पाच वाजता पोरगी टीव्हीवर, स्पेलिंगच्या स्पर्धेत!
शूटिंग महिन्यापूर्वीच झालंय. निकाल फोडायचा नाही असा चॅनलचा नियम आहे, असं मुलगा सांगतो. म्हणजे जिंकलीच. हरलेल्याचं गुपित कोण ठेवतं?
प्लॅन: शनिवारी दुपारी मुलगा, सूनबाई, नात हजर. संध्याकाळी बागेत फेरफटका, नंतर माझ्या कविता. रविवारी सगळ्यांनी मिळून टीव्ही.
संकल्प: सूनबाईंना टोमणा मारायचा नाही.

४ मार्च, मंगळवार
फोन सूनबाईंनी उचलला. म्हणाल्या, बाबा, तो कार्यक्रम नाही बघितलात तरी चालेल, उगाच दगदग. बसून टीव्ही बघण्यात कसली दगदग? मी म्हटलं, नात आजोबांवर गेली की काहींच्या पोटात दुखतं. हा टोमणा नव्हे, निरीक्षण.
नातीला बोलवा म्हटलं, तर ती अंघोळीला गेलेली.

५ मार्च, बुधवार
आजही अंघोळीला. संध्याकाळी सात वाजता. हल्ली फारच स्वच्छ राहते पोर.
सोफा एकट्याने टीव्हीसमोर सरकवला. मधली जागा नातीची. कंबर धरली आहे. चालायचंच.
खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना आमंत्रण दिलं. म्हणाले, कविता म्हणणार नसाल तर येतो. विनोदी गृहस्थ.

७ मार्च, शुक्रवार
मुलाचा फोन. शनिवारी जमत नाही, गाडी गॅरेजला. रविवारी सकाळी बघू म्हणाला. बरंच झालं. नातीवरची अभिनंदनपर कविता सोळा ओळींची करायची आहे. चार झाल्यात. पैकी दोन बऱ्या.

८ मार्च, शनिवार
रविवारीही कठीण. नातीची परीक्षा. कुठल्या विषयाची, विचारलं. सगळ्याच, म्हणाला. अभ्यासू पोर! पण यामागे डोकं कुणाचं ते मला कळतं. फोन ठेवताना स्पष्टच सांगितलं, तुझ्या बायकोला माझ्या घराचा उंबरा नकोसा झालाय. स्पीकर चालू होता म्हणे. आधी सांगायचं.

९ मार्च, रविवार, दुपारी ४.५०
प्लॅनमध्ये किरकोळ बदल. मी आणि डॉक्टर. मधली जागा मोकळी ठेवली आहे.

संध्याकाळी ५.४०
नीट लिहून ठेवतो.
आली. निळा फ्रॉक, दोन वेण्या. शब्द मिळाला, अकरा अक्षरांचा. मी डॉक्टरांना म्हटलं, हा तर तिला झोपेतही येतो. तिने समोरच्या स्टँडवर पेर वाजवायला सुरुवात केली. माइकमुळे आवाज हॉलभर घुमला. पोरं हसली. परीक्षक बाई मायेनेच म्हणाल्या, बाळा, वाजवू नकोस हं. तिने हात मागे घेतला. एका हाताने दुसरा धरून ठेवला. चार अक्षरं आली. मग नुसतेच ओठ हलत राहिले. प्रेक्षकांत सूनबाई उठून उभ्या राहिलेल्या दिसल्या. वेळ संपली.
डॉक्टर म्हणाले, माइकची चूक. मी हो म्हटलं. ते चहा अर्धा टाकून हळूच गेले.
माइकची चूक. थोडी बाईंचीही. असं लिहिलं, आणि खोडलं. अक्षरं मी शिकवलीच नाहीत. ठेका शिकवला. तो काढून घेतल्यावर लेकराच्या हाती काय उरणार?
दारात कुणीतरी आहे. डॉक्टर चष्मा विसरले असतील.

६.१५
डॉक्टर नव्हते. सूनबाई. एकट्या, घामाघूम. त्या आत तोंड धुताहेत, तेवढ्यात लिहितो.
पाचच्या आत पोचायचं होतं, बस चुकली, म्हणाल्या. हे तुम्ही एकट्याने बघू नये असं वाटत होतं. पोरीने शपथ घातली होती, आजोबांना कळू द्यायचं नाही, त्यांना वाटेल त्यांच्यामुळेच झालं. म्हणून ती फोनवर येत नव्हती.
 मी दार धरूनच उभा होतो. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या होत्या. म्हणाल्या, बाबा, आत येऊ ना?